नजर कुठे थांबते

बोर्ली पंचतनच्या पोरांना पोफळीचं झाड डोळे मिटूनही काढता येतं. अडचण वाडी काढताना येते. सगळी खोडं सरळ आणि सारखी, त्यामुळे नजर कागदाच्या एका टोकातून शिरते आणि दुसऱ्या टोकातून निघून जाते. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी माझ्या अशाच एका चित्रात, मधोमध नाही, जरा उजवीकडे, सुपारी उतरवायला चढलेला माणूस काढायला लावला. मग खोडरबर घेऊन आजूबाजूची खोडं पुसट केली. मेहनतीने काढलेली खोडं! राग आला होता.

आता मी ड्रॉइंग शिकवतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात 'बाजार' किंवा 'जत्रा' आली की मुलं आजही तेच करतात. फुगेवाला, पाळणा, भजीवाला, सगळे सारख्याच हौसेने रंगवलेले. उठाव आण म्हटलं की लाल रंग वाढतो. लाल रंगावर मुलांची फार श्रद्धा.

सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' मी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहिलं. चित्र 1945-46 च्या सुमाराचं. त्यांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी आहे, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा. प्रकाश बोटांतून झिरपतो, चेहऱ्यावर पडतो, बस्स. बाकी चित्रभर अंधार आहे. चित्र जलरंगातलं, आणि जलरंगात पांढरं म्हणजे बहुधा कोरा कागद. एकदा झाकला की तसाच परत मिळत नाही. उजेड कुठे ठेवायचा ते आधीच ठरवावं लागतं. तिथे उभं असताना सरांचं खोडरबर आठवलं.

3 जून 2020 ला आमच्याकडे निसर्ग चक्रीवादळ आलं आणि वाड्याच्या वाड्या झोपल्या. पुढे वर्ग भरल्यावर मी 'वादळानंतर' हा विषय दिला. बहुतेकांनी उडालेले पत्रे, वाकलेले विजेचे खांब काढले. एका मुलीने कागदाच्या तळाशी आडव्या खोडांचा काळा गुंता भरला आणि वरचा पाऊण कागद कोरा सोडला. मी म्हटलं, "अगं, मुख्य काय आहे यात?"

"आभाळ, सर. आमच्या पडवीतून आधी दिसायचंच नाही."

परीक्षकाला चित्र अर्धवट वाटेल, एखादा पक्षी तरी टाक, असं शेजारच्या बाकावरून कोणीतरी तिला सुचवलं. तिने मान हलवली आणि तळातली खोडं आणखी गडद करायला घेतली.