सात गुण कमी पडले

निकाल लागल्याचे मला मेसमध्ये कळले. २०१४ चा पावसाळा संपत आला होता. मी पोहे खात होते. माझी खोलीतली मैत्रीण आली, खुर्ची ओढली, पण बसली नाही. नुसती उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी समजले.

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय असतात: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. त्यातल्या फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीराचे काम कसे चालते त्या विषयात, मी नापास झाले होते. पास व्हायला निम्मे गुण लागतात. मला सात कमी पडले.

एका विषयात नापास होणे ही बाहेरच्या माणसाला फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही. तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा व्हायची आणि तोवर 'ऑड बॅच' असायची. माझ्या बरोबरीची मुले नवे स्टेथोस्कोप गळ्यात घालून वॉर्डात जाऊ लागली आणि आम्ही दहा-बारा जण नव्याने आलेल्या मुलांच्या मागच्या बाकांवर जाऊन बसलो. ती मुले आम्हाला 'सर', 'मॅडम' म्हणत. ते ऐकणे सगळ्यात अवघड जाई.

घरी मी फोनवर सांगितले, "निकाल लागायचाय अजून." हे खोटे मी अकरा दिवस चालवले. त्याला कारण होते. बाबा एसटीत कंडक्टर. मला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले होते. आमच्या आळीत माझ्याआधी कुणी डॉक्टरकीला गेलेले नव्हते. त्या पेढ्यांचे आता काय करायचे, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

बाराव्या दिवशी आईच होस्टेलच्या दारात उभी! हातात डबा. दुसऱ्या कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून निकाल लागल्याचे तिला कळले होते. मी रडायला लागले. तिने डबा उघडला आणि आधी जेवायला लावले. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना मी सांगितलंय. रात्री ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले आणि एवढंच म्हणाले, 'नापास झाली ते झाली. पण तिला म्हणावं, फोनवर खोटं बोलू नकोस.'"

ते वाक्य मला निकालापेक्षा जास्त लागले.

मी नापास का झाले, हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. आज सांगता येते. बारावीपर्यंत पाठांतरावर माझे भागले होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पण इंग्रजी कळत नव्हते म्हणून मी मागे पडले, असे म्हणणे खरे होणार नाही. कळत नव्हते ते फिजिऑलॉजी, आणि कळत असल्याचे सोंग मला छान जमत होते. वर्गात मान डोलवायची, जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवायचे, परीक्षेआधी महिनाभर जागायचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख काढायला सांगितला. मी तो झोकात काढला, इंग्रजी 'एस' सारखा. "असाच का? सरळ रेघ का नाही?" त्यांनी विचारले. मी व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तीच व्याख्या म्हटली.

आमच्या विभागात एक लेक्चरर मॅडम होत्या. त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. आई परत गेली त्याच आठवड्यात मी धीर करून त्यांच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "हिमोग्लोबिन म्हणजे काय, सांग." मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "असं नको. तुझ्या आजीला सांगतेस असं समज. मराठीत सांग."

दोन मिनिटांत मी गप्प झाले. मला काहीच येत नव्हते!

मग त्यांनीच सांगितले. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चार रेणूंची जागा असते. पहिला बसायला वेळ लावतो, पण तो एकदा बसला की पुढच्यांना बसणे सोपे होते. त्यामुळेच तो आलेख आधी संथ, मग एकदम चढा आणि वर जाऊन सपाट होतो. मी नकळत बोलून गेले, "म्हणजे मॅडम, वडापच्या जीपसारखं! रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही. एक जण बसला की भराभर भरते." मॅडम हसल्या. "बरोबर. आता हे कधी विसरशील का?"

पुढचे सहा महिने आमचे असेच चालले. रोज एक विषय वाचायचा आणि संध्याकाळी कुणाला तरी तो मराठीतून समजावून सांगायचा. कुणी नसेल तर भिंतीला. जिथे अडखळेन तिथे वहीत खूण. त्या खुणांचीच वही माझा खरा अभ्यास ठरली. एकदा मी फार खचले होते तेव्हा मॅडमनी मला आमच्या जाडजूड पुस्तकाच्या लेखकाची, आर्थर गायटन यांची हकीकत सांगितली. त्यांना हृदयाचे सर्जन व्हायचे होते. रेसिडेन्सी चालू असतानाच १९४६ मध्ये त्यांना पोलिओ झाला. सर्जरी सुटली आणि ते फिजिऑलॉजीकडे वळले. तोवर त्या पुस्तकाचा मला नुसता राग येई.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. पुढचा एकही विषय राहिला नाही. मात्र मी पहिल्या दहांतही कधी आले नाही.

या सहा महिन्यांची खरी किंमत मला पाच वर्षांनी कळली, आणि ती पहिल्या वर्षाच्या मुलांना कुणीच सांगत नाही. आपल्याकडे एम.डी., एम.एस.चा प्रवेश ठरतो तो नीट-पीजीच्या गुणांवर. पहिल्या वर्षी किती खेपांत सुटलात, हे तिथे कुणी विचारत नाही. (अमेरिकेत रेसिडेन्सीचा अर्ज करणाऱ्याच्या गुणपत्रकावरचे नापास इस्पितळांना दिसते आणि मुलाखतीत त्याचे कारणही विचारले जाऊ शकते. त्या मानाने आपण सुखी.) पण इंटर्नशिप ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते. ६ जानेवारी २०१९ च्या परीक्षेसाठी ती तारीख ३१ मार्च २०१९ होती. माझी इंटर्नशिप संपणार होती सप्टेंबरमध्ये. म्हणजे सहा महिन्यांचे एक वर्ष झाले! बरोबरीच्या मुलींचे पेढे आले. ते मी खाल्ले. गोड लागले, असे म्हणणार नाही.

इंटर्नशिप संपवून मी घरी आले आणि आतल्या खोलीत अभ्यासाला बसले. शेजारच्या काकू विचारत, "अजून शिकतेच आहे का हो?" दोन स्थळेही सांगून आली. आई दारातूनच परतवून लावी. या खेपेला मी बाबांना दर रविवारी सराव परीक्षेचे गुण सांगत असे, वाईट असले तरीही. ते ऐकून घेत आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीने लिहून ठेवत.

५ जानेवारी २०२० ला परीक्षा झाली. साडेतीन तासांत तीनशे प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकले तर एक वजा. महिनाअखेर निकाल आला. मला भूलशास्त्र मिळाले. त्यात फिजिऑलॉजी सोडून दुसरे असते काय? रोगी भुलीत असतो तेव्हा त्याचा श्वास आणि त्याचा ऑक्सिजन दोन्ही आमच्याच हाती.

कोरोनामुळे त्या वर्षी प्रवेश लांबले. रुजू झाले ती थेट कोरोनाच्या वॉर्डात. सप्टेंबरमध्ये बाबांनाच ताप आला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. घरीच वेगळ्या खोलीत ठेवले होते. रात्री त्यांचा फोन आला. "त्या मशिनवर ९५ दाखवतंय. घाबरायचं का?"

मी म्हटले, "नाही बाबा. पण दर चार तासांनी बघत जा. ९४ च्या खाली गेलं तर लगेच फोन करा."

"९४ आणि ९५ मध्ये असा काय फरक?"

मग मी त्यांना तो आलेख सांगितला. वरचा भाग सपाट असतो. तिथे फुप्फुसातला ऑक्सिजन बराच कमी झाला तरी आकडा थोडाच हलतो. ९० च्या खाली गेला की मात्र तो भराभर घसरतो. वडापच्या जीपचेही सांगितले.

"वडापचं नाव काढू नकोस माझ्यापुढे," कंडक्टर बोलला. थोडा वेळ खोकला. मग म्हणाले, "म्हणजे पठारावर गाडी असते तोवर काही वाटत नाही. घाट लागला की सुटते. असंच ना?"

"अगदी असंच, बाबा."

"मग हे पहिल्या वर्षीच मला का नाही विचारलंस?"