अण्णांच्या वहाणा : तीन पत्रे

१

कोल्हापूर, दि. ३ जानेवारी

तीर्थरूप अण्णांचे सेवेशी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा रात्री येथे सुखरूप पोहोचलो. काल पहाटे अंबाबाईचे दर्शन घडले आणि प्रसाद आईच्या नावे निराळा पाठविला आहे. तेव्हा आता आपण सोपविलेल्या कामगिरीची कैफियत सादर करतो. आपल्या जुन्या वहाणा अडगळीत टाकाव्यात असा हुकूम आई गेली दहा वर्षे करीत आली आणि आपण तितक्याच निष्ठेने तो डावलीत आलात; त्याच वहाणा वर्तमानपत्रात गुंडाळून, काखोटीला मारून मी या शहरात हिंडतो आहे.

प्रथम चप्पल लाईनमध्ये गेलो. दिव्यांच्या लखलखाटात शेकडो जोड टांगलेले पाहून मोह आवरला नाही, आणि आपले काम बाजूला ठेवून स्वतःसाठीच एक 'अस्सल' जोड खरेदी केला. सायंकाळी रंकाळ्यावर फेरी मारून परतत असता उजव्या पायाचा तळ सुटला आणि त्याच्या दोन थरांतून पुठ्ठ्याने दर्शन दिले. दुकानदाराचे नाव लिहीत नाही, कारण दोष माझ्या चष्म्याचाही होता.

आज सकाळी मात्र शहाणा होऊन जवाहरनगर गाठले. तेथील एका वृद्ध कारागिरांच्या पडवीत बसलो. 'चांभाराची नजर जोड्यावर' ही म्हण आपण ज्या सुरात उच्चारता तो सूर यापुढे आपल्या घरी नसावा, असे मला तेथे वाटले. कारण त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता आधी पायांकडे पाहिले हे खरे, परंतु त्या एका दृष्टिक्षेपात माझी डावी टाच बाहेरून झिजते हे त्यांनी ओळखले, जे आजवर एकाही डॉक्टराला उमगले नव्हते. मग आपल्या वहाणा हाती घेऊन त्यांनी त्या वाकवल्या, नाकाशी नेल्या आणि म्हणाले, "तळ आमच्यातलाच हाय. हिरड्या-बाभळीचं कातडं; अजून मोडलं न्हाई. पर ही वेणी हितली न्हवं. अथणीच्या बाईमाणसाचा हात हाय ह्यो."

वास घेऊन कातड्याची कुळी सांगणे मला जादूसारखे वाटले, म्हणून मी खोलात शिरलो. पूर्वी मिठवलेले कातडे आधी भिजवून मग चुन्याच्या पाण्यात ठेवीत, केस व मांस खरवडून काढीत, आणि मग त्याचीच शिवून पखालीसारखी पिशवी करून ती टांगीत. तिच्यात बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरीत, आणि ते झिरपत झिरपत कातड्याच्या अंगी मुरेपर्यंत पुनःपुन्हा ओतीत राहत. कमावणाऱ्याचा धंदा ढोर समाजाचा, शिवणाऱ्याचा चर्मकारांचा. दोघांमध्ये घेणे-देणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. महिन्याहून अधिक काळ ज्याला लागतो असे काम आता फार थोड्या हातांत उरले आहे. त्यातच २०१५ साली राज्यात गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आली. त्या कायद्याच्या इष्टानिष्टतेविषयी आपला व माझा मतभेद जुनाच आहे, तो पत्रात काढीत नाही. पण कातड्याची आवक आटली, भाव चढला, आणि पुष्कळसे चामडे आता तमिळनाडूकडून आणावे लागते, ही या पडवीतली वस्तुस्थिती आपणांस कळविणे माझे कर्तव्य आहे. "वाढलेला भाव कातड्यावाल्याला भेटतो, दुकानवाल्याला भेटतो, हाताचा भाव हाय तिथंच हाय," एवढेच ते बोलले, आणि तेही आरीला मेण लावता लावता, तक्रारीचा लवलेश न आणता.

भिंतीवर संत रोहिदास, शेजारी शाहू महाराज, आणि त्यांच्यामध्ये बाबासाहेब. तळ कारागिरांनी आपल्याकडे ठेवून घेतला आहे. वेणीचे दोन्ही पट्टे मात्र सोडवून मजजवळ दिले व अथणीला जाण्यास फर्मावले.

आपला,
सदाशिव

२

सेनापती कापशी, दि. ५ जानेवारी

तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.

अथणीची वाट निपाणीवरून असली तरी आधी वाकडी वाट करून येथे आलो, कारण कोल्हापुरी वहाणांच्या एका घाटाला ज्या गावाने आपले नाव दिले ते पाहिल्यावाचून पुढे जाणे मला अपराधाचे वाटले. संताजी घोरपड्यांच्या वंशजांचे हे कापशी. पण येथल्या सेनापतीपदापेक्षा येथली चप्पल अधिक दूरवर पोहोचली, हे संताजीरावांनाही मान्य करावे लागले असते.

गावात फार काळ थांबलो नाही. मात्र एका विहिरीच्या धावेवर, जेथे आता विजेचा पंप घुमतो आहे, तेथे बसलो असता आपली मळ्यातली विहीर आठवली. मोट चामड्याची, सोंड चामड्याची, आसूड चामड्याचा. मोट फाटली की बागाईत थांबे, आणि तो दुरुस्त करणारा माणूस आला नाही म्हणून आजोबा सकाळपासून अस्वस्थ येरझारा घालीत, असे आपणच सांगता. ज्याच्यावाचून पाणी चढत नसे त्याला सुगीत खळ्यावर बलुते मिळे, तेही शेवटून, आणि सुपातून पदरात टाकताना हात वर धरून. इंजिन आले तेव्हा मोट गेली आणि मोटेबरोबर त्याचे बलुतेही गेले. परंतु हात वर धरण्याची सवय पुढेही कित्येक वर्षे टिकली. त्याचे नाव काय होते, हे काल रात्री मी पुष्कळ आठवून पाहिले. आपणांस स्मरत असल्यास कळवावे.

आपला,
सदाशिव

३

अथणी, दि. ८ जानेवारी

तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.

चिकोडीहून कृष्णा ओलांडून येथे आलो. मुलूख कर्नाटकाचा, तालुका बेळगाव जिल्ह्याचा, बाजारात कानडी व मराठी अशी काही मिसळून गेलेली की भाव कोणत्या भाषेत केला हे घरी आल्यावरही सांगता येत नाही. 'कोल्हापुरी' म्हणून जे देशभर विकले जाते त्यातले कितीतरी येथल्या व शेजारच्या मदभावीच्या घराघरांतून निघते, हे कोल्हापूरकर मोठ्याने बोलत नाहीत. पण २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांना समाईक मिळाले. हद्दीवरून दोन सरकारे भांडत असता एका वहाणेने दोन्हीकडे पाय ठेवावा, ही गोष्ट मला मनापासून आवडली.

येथे चर्मकारांना समगार म्हणतात, आणि घराच्या भिंतीवर रोहिदासांच्या जागी हरळय्या असतात. बाबासाहेब मात्र येथेही आहेत. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात हे हरळय्या शिवशरण होऊन गेले. त्यांनी व त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवण्णांना अर्पण केल्या, आणि बसवण्णांनी त्या पायी न घालता मस्तकी धरल्या, अशी कथा. त्यांच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झाले, या अपराधाबद्दल दोन्ही व्याह्यांना देहान्ताची शिक्षा झाली, असे सांगतात. ही कथा मला ज्या बाईंनी सांगितली त्यांच्या बोटांत त्या वेळी आपली वेणी होती.

या बाई साठीच्या आसपासच्या. तळ कापणे, ठोकणे ही पुरुषांची कामे, आणि वेणी, पट्टे, बारीक शिवण ही बायकांची, अशी येथली वाटणी आहे. पट्टे पाहताच त्या हसल्या. हात आपल्या सासूचा असावा, निदान सासूच्या पिढीचा, असे म्हणाल्या. खात्री नाही देता यायची. शेळीच्या कातड्याच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या कापून त्यांनी कुंडीत भिजविल्या, त्यांचे एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात धरले, आणि मान खाली न घालता, माझ्याशी बोलत, सुनेला हाका मारीत, नऊ पदरांची वेणी घालू लागल्या. पदर किती हे मी तीनदा मोजले आणि तीनदा चुकलो. ओली पट्टी थोडी ताणली जाते, वाळली की आवळते. तेव्हा किती सैल सोडायची हे बोटांनाच ठाऊक असावे लागते. खिळा कोठेही नाही. तळाच्या दोन थरांत कान बसवून तेही चामड्याच्या वादीनेच शिवतात.

"अशी वेणी आता का करीत नाही?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "पाच पदरी करा, नऊ पदरी करा, दर एकच. मग नऊची कोण करंल?"

एवढ्यात नातवाने आपल्या दूरध्वनीवर चित्र दाखविले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात अशाच वहाणा मांडल्या, तेव्हा त्या कोठल्या याचा उल्लेखही केला नव्हता. इकडे गदारोळ झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय हस्तकलेत असल्याचे कंपनीने मान्य केले. मला वाटले, बाई संतापतील. त्यांनी चित्र बोटांनी मोठे केले, बराच वेळ निरखले, आणि निर्वाळा दिला : "अंगठा सैल हाय. चालताना निघंल." नातू पुण्यात एका कारखान्यात लागणार आहे. हे काम शिकलास का, असे विचारल्यावर तो म्हणाला की येते, पण लग्नाच्या बोलण्यात ते सांगत नाहीत. आजीने ऐकले, आणि वेणीचा पदर आवळला.

नवे पट्टे आज कोल्हापूरला रवाना केले. तळावर चढवून जोड पंधरवड्यात आपणांस टपालाने मिळेल. पहिले आठ दिवस थोडे खोबरेल चोळून घरातल्या घरात वापरावा, आणि पावसाळ्यात फडताळावर ठेवावा. वेणीच्या मजुरीबद्दल बाईंनी जो आकडा सांगितला तो पाच पदरांचाच होता. तळाचा हिशेब वृद्ध कारागीर जोडासोबत चिठ्ठीवर पाठवतील. दोन्ही रकमा मी दिल्या नाहीत, वहाणा आपल्या म्हणून आपणच पाठवाव्यात. बाजारात घासाघीस करण्याचे आपले कौशल्य मी लहानपणापासून पाहिले आहे. एवढ्या वेळी ते वापरू नये, आणि नऊ पदर स्वतः मोजून, जमल्यास, त्या हिशेबाने पाठवावेत.

आपला आज्ञाधारक,
सदाशिव