नागनाथाच्या भिंती आणि भाचीची वही

भाऊबीजेला अक्काकडे हिंगोलीला जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतःच जिल्हा झाली. पण अक्काच्या अनारशांवर त्याचा काही परिणाम झालेला नाही. गेल्या वर्षी मात्र पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच अक्काने मला स्वयंपाकघरात ओढले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "यंदा ओवाळणी नको मला. तेवढं दाजींशी बोल."

प्रकरण भाचीचे होते. ती मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकते. सुटीत घरी आली तेव्हा तिची वही दाजींच्या हाती लागली, आणि वहीत विवस्त्र स्त्रीपुरुषांची रेखाटने निघाली. दाजींचा जन्म हिशेबात गेलेला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "आता मुंबई बस्स," एवढेच म्हणाले आणि चार दिवस लेकीशी बोलले नाहीत.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवरच पोट भरतो. पण दाजींपुढे शब्द फुटेना. खरे सांगायचे तर वही चाळताना मीही दोनदा दाराकडे पाहिले होते. वर्गात पंडित कवींचे नखशिखान्त वर्णन शिकवताना मला कधी संकोच वाटला नाही, आणि पेन्सिलीच्या चार रेघांनी मात्र घाम फुटला! शेवटी मी माझा नेहमीचा उपाय केला. विषय पुढे ढकलला आणि भाचीला घेऊन औंढ्याला गेलो.

औंढा नागनाथ हिंगोलीहून सुमारे २५ किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांत आपण ज्याची गणना करतो ते हे देऊळ. खालचा भाग यादवकालीन काळ्या पाषाणाचा, वरचे शिखर मागाहून बांधलेले. लिंग तळघरात, तिथे वाकूनच उतरावे लागते. इथला नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना पुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन बसले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा. नामदेवांचे नर्सी गावही याच जिल्ह्यातले.

दर्शन झाल्यावर मी प्रदक्षिणेला लागलो. भाची मात्र भिंतीपाशीच थांबली. हत्तींच्या रांगा, घोडे, सैनिक, आणि त्यांच्या वर देवदेवता व स्त्रियांच्या आकृती. एका मूर्तीकडे बोट करून ती म्हणाली, "मामा, ही बाई बाबांना चालते?"

"ती देवळात आहे," मी म्हणालो. उत्तर लंगडे आहे हे मलाच कळले.

मग तीच सांगू लागली. "या शिल्पींना माप ठरवून दिलेलं असायचं. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळं. नवतालात नऊ तालांची मूर्ती. आमचं उलटं. पुस्तकात साडेसात डोक्यांचा माणूस असतो, पण समोर बसलेली बाई तशी कधीच नसते. एक खांदा खाली, पोटावर बाळंतपणाच्या खुणा. जे आहे तेच पाहायचं, हाच अभ्यास."

जे. जे. ची स्थापना १८५७ ची. पहिल्या पिढ्यांतल्या मुलांनी ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतींवर हात बसवला. ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाल्यावर १९१९-२० च्या सुमारास तिथे विवस्त्र मॉडेल समोर ठेवून चित्र काढण्याचा वर्ग सुरू झाला. म्हणजे भाचीच्या वहीला शंभर वर्षांची परंपरा होती. आम्हालाच तिचा पत्ता नव्हता.

"बसून पाहता का?" भाचीने विचारले. मी पायरीवर ऐटीत बसलो. तिने माझ्या चपलांभोवती खडूने खुणा केल्या. मध्ये उठलो तर पाय पुन्हा तिथेच यावेत म्हणून. पाचव्या मिनिटाला नाकाला खाज आली. दहाव्याला मानेत कळ भरली. पंधराव्याला एक निराळीच गोष्ट जाणवली: ही मुलगी मला मामा म्हणून पाहत नव्हती. डोळा बारीक करून, हात लांब करून, पेन्सिलीने माझे कपाळ मोजत होती. त्या नजरेत आदर नव्हता, अनादरही नव्हता. नुसते लक्ष होते. इतक्या लक्षपूर्वक मला आजवर डॉक्टरनेही पाहिले नसेल.

वीस मिनिटांनी सुटका झाली. "मावशी तर दिवसभर बसतात," ती म्हणाली. "बसायला येणाऱ्या बायांना आम्ही मावशीच म्हणतो. विश्रांतीला अंगावर चादर घेतात, चहा पितात, पोरांच्या फीची काळजी बोलून दाखवतात. पुन्हा बसल्या की वर्गात फक्त कोळशाची खरखर."

संध्याकाळी मी दाजींसमोर बसलो. त्यांच्या बैठकीत एक जुनी तसबीर आहे: हाती दिवा घेतलेली, बोटांतून उजेड झिरपणारी स्त्री. घरात सगळे ते चित्र रविवर्म्याचे समजत.

"दाजी, हे सावळाराम हळदणकरांचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर सावंतवाडीचे, जे. जे. मध्येच शिकलेले. आणि ही बाई म्हणजे त्यांचीच लेक, गीता. तीन तास दिवा धरून उभी होती. २०१८ साली वारली, वय १०२."

दाजींनी चष्मा पुसून तसबीर नीट पाहिली. मग म्हणाले, "हिच्या अंगावर साडी आहे."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हणालो, "आहे. पण साडीआडचा खांदा आणि हाताचा तोल चित्रकाराला ठाऊक नसता, तर ती साडी खुंटीला टांगल्यासारखी दिसली असती."

दाजी बराच वेळ गप्प राहिले. शेवटी लेकीला हाक मारली. चार दिवसांनी पहिल्यांदा.

"त्या बाईला विचारून काढता ना?"

"हो बाबा."

"पैसे किती देतात?"

"कमीच मिळतात."

"कष्ट आहेत तर जास्त द्यायला हवेत," दाजी म्हणाले. मग त्यांनी वही मागितली. पहिलेच पान माझे निघाले. नाक पाहून ते खो खो हसले. "हे मात्र हुबेहूब!" पुढची पाने त्यांनी उलटली नाहीत, पण वही कपाटात न ठेवता लेकीच्या हातात दिली.

रात्री अक्काने मला ओवाळायला निरांजन उचलले. तेवढ्यात भाची ओरडली, "आई, अशीच थांब!" अक्का गोंधळून थांबली. उजेड तिच्या सुरकुत्यांवर पडला होता. इतक्या वर्षांत त्या मी पाहिल्याच नव्हत्या.

दाजी उठले. मला वाटले, झाले, पुन्हा बिनसले. ते आत गेले आणि तुपाची वाटी घेऊन आले.

"वात विझेल," निरांजनात तूप घालत ते म्हणाले. "काढ तू सावकाश."