शीग

भादव्यातली संध्याकाळ होती. गणपती नुकतेच गेलेले, भात पोटरीला आलेलं, आणि दिवसभर उघडझाप करून दमलेला पाऊस माडाच्या झावळ्यांवरून अजून टिपटिपत असलेला. दादी पुढे, मी मागे. तिच्या हातात कंदील, माझ्या कडेवर तांदळाची पिशवी आणि पिशवीच्या तोंडाशी खोचलेला आमच्या घरातला जुना पितळी शेर. आठ दिवसांनी दादी हजला निघणार होती. तेव्हा मुंबईहून जेद्दाला जहाजं जात. मोगल लाइनच्या त्या जहाजांवर आमच्या खाडीकाठची माणसं कधी खलाशी म्हणून चढली, कधी हाजी म्हणून. घरी ओटीवर लोखंडी ट्रंक उघडी होती, तिच्यात सुकं खाणं, औषधं, तसबीह एकेक करून जात होतं. पण दादीची खरी बांधाबांध गावात चालली होती. दारोदार जाऊन ती एकच वाक्य म्हणत होती, "बोललंचाललं माफ करा."

लोक हसत. "माफ, माफ! आमच्यासाठी दुवा मागा तिथं." कुणी डोळे पुसत, कुणी चहा टाकत. बांगड्या भरणारीलाही तिने सोडलं नाही. कधीतरी किमतीवरून घासाघीस करताना तिला टाकून बोलली होती म्हणे. माझ्या दहा वर्षांच्या मनाला हा सगळा खेळच वाटत होता.

शेवटचं घर खाचराच्या पलीकडे, कुळवाड्यांचं. ओटीवर मखराच्या रंगीत कागदाचे तुकडे अजून पडलेले, आत चुलीचा धूर. त्या घरची म्हातारी तीन वर्षांपूर्वी वारली होती. दार तिच्या सुनेने उघडलं.

"चाची? इतक्या पावसापाण्याच्या?"

"तुझ्या सासूचं देणं आहे, पोरी. एक सूप आण."

मग दादीने जे केलं ते मी आजही डोळे मिटून बघू शकते. तिने शेर पिशवीत बुडवला, वर काढला, आणि ओंजळीने त्यावर तांदूळ घालत राहिली, घालत राहिली, इतके की काठावर टेकडी झाली, टेकडीचा कळस झाला आणि शेवटचा दाणा वर टेकता टेकता घरंगळून खाली गेला. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ती एवढीशी शीग एखाद्या पांढऱ्या घुमटासारखी दिसत होती. दादीने तळहात आडवा धरला आणि काठाच्या वरचे, फक्त वरचे, तांदूळ अलगद सुपात लोटले. खालचा भरलेला शेर पुन्हा पिशवीत रिकामा केला.

"एका पावसात घरात दाणा नव्हता. तुझ्या सासूने शेर भरून दिला होता, शिगेसकट. मी फेडला तेव्हा हात फिरवून सपाट दिला. तिने बघितलं. बोलली नाही."

सून हसली. "चाची, शीग कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवली ना," दादी म्हणाली.

पावसाचा आवाज मोठा झाला.

'मापात पाप' असं आपण किती सहज म्हणून जातो. पुढे कुराण अर्थासकट वाचायला लागले तेव्हा 83 वी सूरा समोर आली. 'अल-मुतफ्फिफीन' तिचं नाव, म्हणजे माप मारणारे. घेताना काठोकाठ घेणारे आणि देताना हात आखडणारे. आकाश, कयामत, नरक, स्वर्ग यांच्या एवढ्या विराट गोष्टी सांगणाऱ्या ग्रंथात एक अख्खी सूरा शेर-पायलीपासून सुरू व्हावी, याचं मला नवल वाटलं. आणि लगेच नाकाशी ओल्या धुराचा वास आला, तळहाताखालून घरंगळणारे दाणे दिसले. दादीला अक्षरओळख नव्हती. तिला ही सूरा तळहाताने पाठ होती.

आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द मूळचे अरबी: हक्क, हिशेब, बाकी, कर्ज, माफ. जणू देण्याघेण्याचा अख्खा बाजारच गलबतातून उतरून आपल्या भाषेत ओट्या मांडून बसला. 'इन्साफ' ज्या धातूपासून आला त्याच धातूत अर्धं, निम्मं, असा अर्थ आहे. म्हणजे न्याय करायचा तर समोरच्याचा निम्मा वाटा आधी बाजूला काढायचा. आणि 'जुलूम'? त्याचा अरबी धातू आणि अंधाराच्या शब्दाचा धातू एकच. वस्तू तिच्या जागेवरून हलवून भलतीकडे ठेवणं, हा जुलमाचा जुना अर्थ. दुसऱ्याची मूठभर शीग आपल्या कणगीत राहिली, तरी तेवढ्यापुरता दिवा विझलाच.

अल्लाहचे हक्क वेगळे, बंद्यांचे हक्क वेगळे, असं दादी म्हणायची. नमाज चुकली तर त्याच्याशी बोलता येतं, तो रहीम आहे. पण माणसाचं काही चुकलं तर त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. इमाम नवावींनी तेराव्या शतकात तौबेच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, अटी मांडल्या, त्याही अशाच: चूक सोडावी, मनातून खंत वाटावी, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. आणि चूक माणसाशी झाली असेल तर चौथी अट, ज्याचं त्याला परत करावं. पहिल्या तीन अटी अंधारात, एकट्याने, मुसल्यावर बसून पुऱ्या होतात. चौथीसाठी चपला घालाव्या लागतात.

मग मला तो मुफलिस आठवतो. पैगंबरांनी साथीदारांना विचारलं होतं, कंगाल कोण? ज्याच्याकडे पैसा नाही तो, असं ते म्हणाले. पैगंबरांनी सांगितला तो कंगाल वेगळाच होता. नमाज, रोजे, जकात यांचे डोंगर घेऊन कयामतच्या दिवशी येणारा. पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचं खाल्लेलं, कुणाला मारलेलं. एकेक घेणेकरी पुढे येतो आणि त्याच्या पुण्यातून आपला वाटा उचलून नेतो. डोंगर उतरत जातो, सपाट होतो, तरी रांग संपत नाही. मग त्यांची पापं याच्या माथी. लहानपणी या गोष्टीतल्या नरकाची भीती वाटायची. आता त्या रांगेची वाटते, कारण रांगेतला एक चेहरा मला ओळखता येतो.

वसतिगृहातली माझी खोलीसोबती. तिच्याविषयी मी एकदा चार जणींत बोलले होते. खोटं फारसं नव्हतं, नुसतंच चविष्ट. गोष्ट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, जाताना वाढत गेली, आणि वर्ष संपायच्या आत ती मुलगी सामान बांधून गावी निघून गेली. तांदळाची शीग मोजता येते. कुणाच्या नावावरून हात फिरवून ते सपाट केलं असेल, तर ते कुठल्या शेराने परत घालायचं?

शबेबारातच्या रात्री माझ्या फोनवर माफीचे निरोप येऊन पडतात, फुलांच्या, चंद्राच्या, घुमटांच्या चित्रांसकट. मीही पुढे धाडते, दीडशे जणांना एकदम. दीडशे जणांत ती कधीच नसते.

गेल्या हिवाळ्यात मात्र चपला घातल्या. एस.टी.ने तीन तास, मग रिक्षा, मग पायवाट. पत्ता बरोबर होता, अंगणात तुळस नुकतीच पाणी घातलेली, दोरीवर ओल्या साड्या, आणि दाराला कुलूप. माझ्या छातीतून सुटकेचा एक नि:श्वास निघाला, आणि त्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. कुंपणापलीकडून एक आजी डोळ्यांवर हात धरून बघत होत्या.

"बाजारात गेलीय ती. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

नाव सांगता आलं असतं. मैत्रीण म्हणता आलं असतं.

"तिचं देणं आहे माझ्याकडे," मी म्हणाले, आणि पायरीवर बसले.