निरोपाचा भाग

मालिका संपते तेव्हा तिच्यातील कथाही संपलेली असतेच असे नाही. दूरचित्रवाणीच्या अर्थव्यवहारात हे दोन शेवट एकमेकांपासून फारकत घेऊन राहतात, आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ता बहुधा शेवटच्या मिनिटाला लागतो. अमेरिकेत फॉक्स किड्स या वाहिनीवर १९ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झालेली ‘स्पायडर-मॅन’ ही कार्टून-मालिका ३१ जानेवारी १९९८ रोजी, ६५ भागांनंतर, थांबली. शेवटच्या भागाचे नावच ‘स्पायडर-मॅनला निरोप’ अशा अर्थाचे होते. शनिवारच्या सकाळी तो पाहणारा मुलगा तीन वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा असेल, तर आता बाराचा झालेला होता. निरोप म्हणजे काय हे कळण्याइतपत त्याचे वय झाले होते. त्याला जे पाहायला मिळाले तो निरोप नव्हता. ते एका नव्या शोधयात्रेचे प्रस्थान होते आणि ती यात्रा पुढे कधीच दाखवली गेली नाही.

या भागाने केलेला अपेक्षाभंग ‘सहावे पर्व आले नाही’ एवढ्या कारणाने समजावून देणे सोपे आहे. तथापि त्याची मुळे कथेच्या संरचनेत, आणि त्याही खाली, एका भाषिक निर्बंधात आहेत. मुलांसाठीच्या या मालिकेत मृत्यूचा उच्चार शक्यतो टाळला जाई. बंदुकांतून गोळ्यांऐवजी प्रकाशकिरण निघत. रक्तपिपासू मॉर्बियसला तर रक्त हा शब्दच वर्ज्य होता. त्याला ‘प्लाझ्मा’ हवा असे, आणि तो दातांनी नव्हे, तळहातांवरील छिद्रांनी शोषून घेई. (पिशाच्चाचे दात काढून घेतल्यावर त्याची भीती कमी होण्याऐवजी काहीशी वाढलीच, ही गंमत वेगळी.) अशा संहितेत एकच मृत्यू निःशंकपणे उभा राहू शकत होता: काका बेनचा, कारण तो कथारंभापूर्वीच घडून गेलेला होता.

मूळ चित्रकथेत असे नव्हते. १९७३ सालच्या जूनच्या अंकात, गेरी कॉनवे लेखक आणि गिल केन चित्रकार असताना, नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून फेकली जाऊन मरण पावते. नायक तिला जाळ्यात झेलतो, आणि हाती येते ते प्रेत. अमेरिकन अतिमानव-कथेच्या इतिहासात हा प्रसंग सीमारेषेसारखा मानला जातो. कार्टून-मालिकेने तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस हाच प्रसंग घेतला: तोच ग्रीन गॉब्लिन, तसाच पूल. ग्वेनच्या जागी मात्र मेरी जेन आहे, आणि ती मरत नाही. दुसऱ्या मितीत उघडणाऱ्या एका विवरात पडून नाहीशी होते.

मृत्यू आणि नाहीसे होणे यांत कथनाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. मृत्यू कथेला पुढे ढकलतो. शोकाला, अपराधभावाला, काळाला वाट करून देतो. नाहीशा झालेल्या माणसाचा शोक करता येत नाही. त्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणाऱ्या कथेला परतीचे कर्ज फेडावे लागते. मालिकेने ते फेडलेही, पण खोट्या नाण्यात. मेरी जेन परत आली, पाचव्या पर्वात तिचे पीटर पार्करशी लग्नही झाले, आणि मग उघड झाले की ही खरी मेरी जेन नव्हेच. हायड्रो-मॅन या जलरूप खलनायकाच्या पेशींपासून घडवलेली ती प्रतिकृती होती, आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत तिची वाफ झाली. या मालिकेतील सर्वांत क्रूर क्षण हाच. पुन्हा मृत्यू नाही, केवळ बाष्पीभवन!

निर्वहणसंधीत विखुरलेली सूत्रे एकत्र यावीत ही आपल्या नाट्यशास्त्राची अपेक्षा. त्या कसोटीवर शेवटचे दोन भाग पाहिले तर सूत्रे एकत्र आणण्याचा अट्टहासच दिसतो. निरनिराळ्या विश्वांतील अनेक स्पायडर-मॅन एकवटतात, आणि सारी विश्वे नष्ट करायला निघालेला शत्रूही त्यांच्यापैकीच एक, दुःखाने विकृत झालेला पीटर पार्कर असतो. चिलखत घालणारा एक श्रीमंत पीटर आहे. त्याच्या विश्वात काका बेन जिवंत आहेत आणि ग्वेनशी त्याचे लग्न ठरले आहे. जिच्या मृत्यूला या मालिकेत जागा नव्हती ती ग्वेन अशी अखेरच्या भागात प्रथमच दिसते, पण दुसऱ्याच कोणाची वाग्दत्त वधू म्हणून.

या भागातील खरे नाट्य येथेच आहे. संहारक पीटरला बळाने आवरता येत नाही. त्याच्यासमोर त्या दुसऱ्या विश्वातील काका बेनना आणून उभे केले जाते. ते बोलतात आणि त्या बोलण्याने त्याच्यातील पुतण्या जागा होतो. आपल्या अंगातील राक्षसाला आपण आवरू शकणार नाही हे ओळखून तो स्वतः विवरात शिरतो. येथे संहिता मृत्यू हा शब्द न उच्चारता मृत्यूच्या इतकी जवळ जाते की निर्बंधाचा क्षणभर विसर पडतो. भाग या ठिकाणी थांबला असता तर अपेक्षाभंगाची भाषा कोणी केली नसती.

पण तो थांबत नाही. नायकाला ‘आपल्या’ जगात आणले जाते आणि त्याची भेट त्याच्या लेखकाशी, स्टॅन लीशी होते. पात्र आणि लेखक यांची भेट वाङ्मयाला नवी नाही. उनामुनोच्या १९१४ च्या ‘निएब्ला’त आउगुस्तो पेरेस सालामांकाला जाऊन लेखकाच्या दारात उभा राहतो, आणि लेखक त्याला सांगतो की तू कल्पित आहेस, तू मरणार आहेस. तेथून जो वाद उभा राहतो त्यात लेखकाचे स्वतःचे मर्त्यपणही सुटत नाही. स्पायडर-मॅनला मात्र लेखकाविरुद्ध तक्रार नाही. पालकत्व हरवलेले, प्रेयसी हरवलेली, पत्नी वाफ होऊन गेलेली, आणि तो सांगतो काय, तर आपण आता स्वतःवर समाधानी आहोत! मग लेखकाला जाळ्यावरून शहरभर झुलवून आणून तो गच्चीवर सोडतो. जाब विचारण्याची एकमेव संधी अशी सत्कारसमारंभात विरघळते.

शिवाय हा लेखक अर्धाच आहे. १९६२ साली स्पायडर-मॅन निर्माण झाला तो ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को या दोघांच्या हातून. त्याचा वेष आणि त्याची अंगलट डिट्कोची. निरोपाच्या गच्चीवर डिट्को नाही. स्टॅन लीला आवाज स्वतः लीनेच दिला आहे, आणि नायकाला न्यायला येणाऱ्या मॅडम वेबचा आवाज त्याची पत्नी जोन ली हिचा आहे. निरोप असा पाहता पाहता एका घरातला होऊन जातो.

मॅडम वेब म्हणते, चल, आता खऱ्या मेरी जेनचा शोध घेऊ. दोघे निघून जातात, आणि मालिका संपते. बारा वर्षांच्या त्या मुलाने पुढच्या शनिवारी दूरचित्रवाणी संच लावला असेल, तर ती त्याची चूक म्हणता येणार नाही. वाट पाहायला त्याला याच मालिकेने शिकवले होते.

२०२४ साली ‘एक्स-मेन ’९७’ या वेगळ्याच मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरच्या टप्प्यात, आकाशाकडे पाहणाऱ्या लोकांमध्ये, पीटर आणि मेरी जेन ओझरते एकत्र दिसतात. ती कोठे सापडली, कशी परतली, याविषयी कोणी काही बोलत नाही, आणि लगेच दृश्य बदलते.