सुट्टीतले मजूर

नाताळच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा आमच्या सिन्नर तालुक्यात उन्हाळ कांद्याच्या लागणीची घाई चालली होती. आई दिवस उगवायच्या आत बायकांच्या टोळीबरोबर निघून जाई. दुसऱ्याच दिवशी एका मळ्याच्या मालकांचा निरोप आला, "आमच्याकडे परदेशी पाहुणे आलेत. तू कॉलेजात शिकतोस, दोन दिवस दुभाषी म्हणून ये." इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसणारा मी एकदम दुभाषी झालो!

पाहुणे म्हणजे बेल्जियममधले एक नवरा-बायको. तो शिक्षक, ती परिचारिका. दरवर्षी हिवाळ्याची सुट्टी मिळाली की पाठीवर पिशव्या टाकून निघायचे आणि परक्या देशात कोणाच्या तरी शेतावर राबायचे, हा त्यांचा नेम. दिवसाचे चार-पाच तास काम. त्याबद्दल पैसे नाहीत, जेवण आणि राहायला जागा. ही पद्धत जुनीच आहे. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंना शहरात कोंडल्यासारखे झाले. त्यांनी काही माणसे जमवून ससेक्समधील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम केले. त्यातूनच 'वूफ' ही चळवळ वाढली. आज भारतासह अनेक देशांतले सेंद्रिय शेतकरी असे पाहुणे ठेवून घेतात.

आदल्या हिवाळ्यात हे दोघे इटलीत ऑलिव्ह उतरवायला गेले होते. झाडाखाली जाळी पसरायची आणि फणीसारख्या दाताळ्याने फांद्या विंचरायच्या. त्याच्याही आधी न्यूझीलंडला. तिथे डिसेंबरात ऐन उन्हाळा असतो. त्यांचे इंग्रजीही माझ्यासारखेच अडखळत होते. त्यामुळे आमचे छान जमले.

वाफ्यात पाणी सोडले होते. मी बांधावर बसलो. आईच त्यांना शिकवू लागली. "मुळी वाकडी जाऊ देऊ नका. अंगठ्यानं दाबा. फार खोल नको." मी भाषांतर करीत होतो आणि ती बाई चिखलाच्या हातांनी वहीत लिहून घेत होती. आईचे बोलणे वहीत उतरवून घेणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

टोळीतल्या बायका हसत होत्या. "यांना घरी काम न्हाई का?" एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "फुकट राबत्यात बाई. उद्या मालक आपल्यालाबी फुकट बोलवायचा!" हसण्यात थोडी भीती होतीच. पण दुपारपर्यंत पाहुण्यांचा एक वाफाही पुरा झाला नाही. तेव्हा ती भीती मावळली.

मध्येच त्या बाईने आईकडे हात करून विचारले, "किती झरझर लावतात! कोण आहेत या?"

"इथे कामाला येतात," मी म्हणालो.

आई चार हातांवर होती.

रात्री जेवताना आईने विचारले, "ती गोरी बाई माझ्याकडं हात करून काय इचारत व्हती रे?"

"काम छान आहे म्हणाली."

"अन् तू काय सांगितलंस?"

"सांगितलं... माझी आई आहे म्हणून."

आईने न विचारताच आणखी अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. ती मला जाईना.

मागच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हीही सात दिवस एका गावात झाडलोट केली, चर खणले. गाणी म्हटली, फोटो काढले. कुठेही लाज वाटली नाही. उलट अभिमान वाटला. कारण आठव्या दिवशी परत जायचे होते! सोडून जाता येते त्या श्रमाला आपण सेवा म्हणतो, सहल म्हणतो. सोडता येत नाही तिला मजुरी म्हणतो. आणि ज्या मजुरीवर माझी फी भरली जाते, तिची मला बांधावर बसून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट दुमडून मी वाफ्यात उतरलो. पाणी बर्फासारखे होते. शब्द जुळवून त्या बाईला सांगितले, "या माझी आई आहेत." ती उभी राहिली. चिखलाचे हात जोडून तिने आईला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारले.

"काय म्हणती?" आईने विचारले.

खरे भाषांतर करण्याची वेळ आता आली होती. मी म्हणालो, "ती विचारतेय, हे काल का नाही सांगितलंस?"

आईचे हात क्षणभर थांबले. मग मूठभर रोप माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "लाव. पाणी पुढं चाललंय."

पाहुणे चार दिवसांनी केरळकडे गेले. हे कांदे त्यांना पाहायला मिळणार नाहीत. ते निघतील एप्रिलात. काढणीला आई असेल. परीक्षा संपली असेल तर मीही असेन. मी लावलेली सरी ओळखू येईल, कारण सगळ्यांत वाकडी तीच आहे.