एक दुपार गायन पार्टीची

मागच्या महिन्यात माता रमाईच्या जयंतीनंतरच्या रविवारी कल्याण पूर्वेतील आमच्या वस्तीच्या विहारात दुपारी गाणी झाली. कार्यक्रम म्हणावा असे त्यात काही नव्हते. मंडप नाही, स्टेज नाही, पाहुणे नाहीत. महिन्यातून एका रविवारी गायन पार्टीतली जुनी मंडळी जेवणे उरकून जमतात, सतरंजी अंथरतात, पेटी काढतात. अडीच वाजता त्रिसरण-पंचशील झाले की गाणी सुरू.

सुरू म्हणजे लगेच नव्हे. ढोलकीवाले काका खिशातून पाना काढून ढोलकी चढवत बसतात. एक बोल्ट पिळायचा, थाप मारायची, पेटीचा सूर मागायचा, मान हलवायची, पुन्हा पिळायचा. त्या दिवशी यात पाव तास गेला. पेटी जुनी, भात्याला एका बाजूने चिकटपट्टी लावलेली. पेटीवाले मामा तिला म्हातारी म्हणतात. दोन दिमड्या, टाळ, आणि कोरसला समोर बसलेल्या सगळ्या बाया.

पूर्वी हे रात्रीचे काम होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती बाबासाहेबांचा विचार जलशातून गावोगाव घेऊन गेले. बाज तमाशाचा, पण देवाचे गण आणि कृष्णाच्या गवळणी जाऊन तिथे माणसाच्या हक्काची गाणी आली. पुढे मुंबईच्या चाळींतून कव्वालीच्या ढंगाच्या गायन पार्ट्या निघाल्या. दोन पार्ट्यांचा सामना लागला की सवाल-जबाब पहाटेपर्यंत चालत. आता रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, म्हणून आम्ही दुपार धरली. त्यात एक चांगले झाले. रात्रीच्या सामन्यांना बाया मागे कुठेतरी पोर मांडीवर घेऊन बसायच्या. दुपारी त्या पुढे असतात आणि गाणाऱ्याचा शब्द चुकला की तिथेच सांगतात.

आम्ही मंडळाचे खजिनदार, म्हणून आमचे काम बक्षिसे लिहिण्याचे. कोणी एकवीस रुपये पेटीवर ठेवतो, गाणे मध्येच थांबते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, जयभीम होतो, गाणे पुन्हा उचलले जाते. बाहेरच्या माणसाला यात रसभंग वाटेल. पण ज्यांचे नाव हजेरीपटाखेरीज कुठे पुकारले गेले नाही, अशा माणसांच्या नावाचा हा पुकारा आहे.

चार वाजता चहा झाला आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा गायला बसला. आवाज कोवळा पण सुरात पक्का. म्हणाला, “आता वामनदादांचे एक रमाई गीत सादर करतो.” त्याने धृपद उचलले आणि आमच्या हातातले पेन थांबले. ते गीत आमच्या आबांचे होते.

आमचे वडील नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहत. गिरणीत साचेखात्यात होते आणि पार्टीत कोरसला. मधूनमधून स्वतः गीत बांधत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही दोन वर्षांचे होतो. आईने खानावळीचे डबे करून घर ओढले. आबांनी तेव्हा हे गीत केले. बाबासाहेब परदेशी शिकत असताना मागे राहून संसार रेटणारी रमाई त्यात आहे, आणि तिच्याशी बोलणारी बाई गिरणगावातली आहे. दुसऱ्या कडव्यात ती विचारते, भोंगा वाजेनासा झाला, आता सकाळ झाली हे ओळखू कशी? आबा दाढी करताना हे गुणगुणत. आई मात्र ते गीत कधीच म्हणत नसे.

मुलाने दोन कडवी म्हटली आणि धृपदावर येऊन थांबला. टाळ्या पडल्या.

आम्ही म्हणालो, “हे वामनदादांचे नाही. आमच्या आबांचे आहे.” मुलगा गोंधळला. आजीकडून शिकलो, ती वामनदादांचेच म्हणायची, एवढेच त्याला ठाऊक. त्याचा दोष नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी मोठेपणी अक्षर गिरवले आणि पुढे इतकी गीते लिहिली की ज्या गीताचा धनी सापडत नाही ते आपले लोक त्यांच्या खात्यावर जमा करतात. खाते एवढे मोठे की नोंद खपून जाते.

पेटीवाले मामा म्हणाले, “आबांचंच आहे. पेटीवर मीच होतो. तिसरं कडवं राहिलं, त्यात त्यांचं नाव आहे. वहीत असेल, पुढच्या वेळी घेऊन या.”

शाहीर आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो, ही जुनी रीत. ते कडवे गळाले की गीत बेवारस होते. आणि वही आमच्याकडे नव्हती.

चार वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी केली. आई-आबा दोघेही कालकथित झालेले. माळ्यावर पत्र्याची पेटी होती, तीत कसर लागलेल्या सात-आठ वह्या. आम्ही उभयता घाईत. टेम्पो खाली उभा. सौ. म्हणाल्या, “एकदा चाळून तरी पाहा.” आम्ही वरच्या वहीची दोन पाने उलटली, भिशीचा हिशेब दिसला, आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. आम्ही वीस वर्षे सरकारी कचेरीत अभिलेख सांभाळतो. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ड वर्गाचा वर्षाने नष्ट करायचा, हे झोपेतही सांगू. नव्या लिपिकांना आम्हीच शिकवतो.

हे सगळे त्या दिवशी सर्वांसमोर सांगावे लागले. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे वाटले असते. ढोलकीवाले काका उगाच बोल्ट पिळत बसले.

मग मागून एका मावशींनी दोन ओळी म्हटल्या. त्या नायगावच्याच, लग्न होऊन इकडे आलेल्या. तिसऱ्या कडव्याची सुरुवात त्यांना येत होती. दुसऱ्या बाईने एका शब्दावर हरकत घेतली, त्यावरून दोघींचे चांगलेच वाजले. आम्ही बक्षिसांच्या वहीचे मागचे पान उघडून दोन्ही पाठ लिहून घेतले. पुढच्या दोन ओळी कोणालाच आठवेनात. मामांना चाल तेवढी आठवत होती. त्यांनी डोळे मिटून ती वाजवली. सूर वर चढला, एका जागी थांबला, खाली आला. शब्द नव्हते. बाया त्यावर नुसत्या टाळ्यांचा ठेका धरत होत्या. तीनदा वाजवली.

कोणीतरी सुचवले, आबांचे नाव त्या चालीत बसते, तुम्हीच दोन ओळी जुळवा. नाव बसतही होते. पण आम्ही नको म्हणालो. हिशेब जुळत नाही म्हणून मनाची रक्कम घालायची नसते. दोन ओळींची जागा कोरी ठेवली. मुलाने मात्र पुन्हा धृपद उचलले आणि या वेळी गीत कोणाचे ते नावानिशी पुकारून गायला. मावशींनी त्याला अकरा रुपये बक्षीस दिले. नोंद करताना आमचे अक्षर नीट आले नाही.

आबांच्या पार्टीतला एक कोरसवाला संपानंतर सिन्नर तालुक्यात गावी गेला, तो हयात आहे असे मामांकडून कळले. फोन लावला. सूनबाई म्हणाल्या, ऐकू कमी येते, पण दुपारी ओसरीवर बसून गुणगुणतात. काय गुणगुणतात ते त्यांना सांगता आले नाही. चौदा एप्रिलच्या आधी जाऊन यायचे ठरले आहे. म्हातारीला बरोबर घेतो, असे मामा म्हणतात. एस.टी.त पेटीचे वेगळे तिकीट लागते का, तेवढे डेपोत विचारायचे आहे.